चिंचेनं धुतलेली थोरली

माझा ब्लॉग भांडणातून सुरू झाला. कला साधनेतून फुलते असं लोक म्हणतात. माझी निम्मीअधिक गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यातून फुलली. मी धाराशिवात महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवते. गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. घरोघरी थोरली आणि धाकटी अशी जोडी असते, आणि वर्षभर कपाटात फडक्यात गुंडाळून पडलेल्या या दोघींना श्रावण लागला की माझी आठवण होते. कुणाच्या नाकाचा रंग उडालेला असतो, कुणाच्या गालाला उंदरानं तोंड लावलेलं असतं. मी पॉलिश पेपरनं घासते, रंग देते, शेवटी डोळे काढते. आणि मग घरमालकीण मुखवटा हातात घेऊन म्हणते, "मागल्या साली असा गुलाबी नव्हता."

मागल्या साली कसा होता हे त्यांनाही आठवत नसतं आणि मलाही. पण भांडायला आठवण लागत नाही. एका श्रावणात एका बाईंशी असं वाजलं की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून ऐकलं. त्याच दिवशी मी ठरवलं, आता कुठल्या रंगात काय घातलं ते सगळं लिहायचं, आणि चारचौघांसमोर लिहायचं, म्हणजे नंतर कुणाला ना म्हणता येणार नाही. भाचीनं ब्लॉग काढून दिला. तिचं म्हणणं, हल्ली ब्लॉग कोण वाचतं मावशी, रील कर. मी तिला सांगितलं की मला नाचायचं नाही, गुलाबीत पिवळा किती घातला एवढंच लिहायचंय.

एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळलं. डोळे न काढलेला, नथ-कुंकू नसलेला मुखवटा कुणाला दाखवायचा नाही. घरातसुद्धा लक्ष्म्या सजवताना दार लोटून घेतात, तयारी झाल्याशिवाय कुणी आत डोकावत नाही. त्यामुळे माझ्या ब्लॉगवर मुखवटे कमी आणि कागदावर ओढलेले रंगांचे पट्टे जास्त. नवरा कोर्टात कारकून आहे, त्याला कुठल्याही गोष्टीची नोंद करायची सवय. तो म्हणाला, तुझ्या ब्लॉगला वाचक तीन. तू, मी, आणि घराच्या भिंतीला रंग शोधता शोधता चुकून आलेला एक.

खरंच होतं त्याचं. पण लिहायला लागले आणि एक गंमत झाली. मुखवट्यांचा हंगाम दोन महिन्यांचा. तो सरला की ब्रश धुऊन डब्यात, ते थेट पुढच्या आषाढात बाहेर. माझं माहेर अणदूरचं. आमचा खंडोबासुद्धा वर्षातले दीड-दोन महिने नळदुर्गाला राहायला जातो, पण तो परत कधी येणार हे ठरलेलं असतं. माझा हात उरलेलं वर्ष कुठं जायचा आणि परत येताना निम्माच कसा यायचा, हे मला कळत नव्हतं. पहिले आठ दिवस डोळे काढताना रेघ थरथरायची. आता ब्लॉग रिकामा दिसला की मलाच ओशाळं वाटू लागलं, दुकान उघडं ठेवलंय आणि फळीवर माल नाही असं. म्हणून मी पेन्सिल घेऊन बाहेर पडले. एसटी स्टँडावर पिशव्या सांभाळत बसलेल्या बायका, भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करणाऱ्या बायका, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या बायका. कुणाला ओळखू येणार नाहीत असे त्यांचे नुसते डोळे आणि भुवया काढायच्या, ब्लॉगवर टाकायच्या आणि खाली चार ओळी लिहायच्या. हिच्या भुवया वर गेल्या, कारण कंडक्टरनं सुट्टे मागितले. हिनं ओठ आवळलेत, कारण शेजारीण सुनेचं कौतुक करतेय आणि हिला ते खरं वाटत नाहीये.

हे मात्र लोकांना आवडलं. वाचक तिनाचे तीस झाले, मग नवऱ्यानंही मोजणं सोडलं. कुणी लिहायचं, ही तर हुबेहूब माझी जाऊ. कुणी विचारायचं, पुढचं चित्र कधी. असं कुणी विचारलं की माणूस आळस करत नाही. मला तर एवढा आनंद व्हायचा की पोळी तव्यावर करपत असली तरी मी आधी उत्तर लिहायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा झाला होता, गणपती यायचे होते, आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती एवढे मुखवटे. अशा ऐन घाईत ब्लॉगवर एक प्रश्न आला. "ताई, चिंचेनं धुतलेला मुखवटा परत रंगवता येतो का?"

माझं डोकं आधीच तापलेलं. मी लिहिलं, रंगवलेला मुखवटा चिंचेनं कोण धुतं? मग एक शब्द आला. "मी."

मी तिचा नंबर मागितला आणि फोन केला. ती माकणीच्या एका शेतकरी घरातली सून, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिच्या माहेरी लक्ष्म्या पितळेच्या. पोळा झाला की त्यांना चिंच-मीठ लावून, काथ्यानं घासून लख्ख करायचं, आणि हे काम लहानपणापासून तिचंच. सासरची पहिलीच महालक्ष्मी. कुणी सांगायच्या आत आपणच पुढं होऊन काम करावं म्हणून तिनं कपाटातून थोरली काढली आणि माहेरच्या सवयीनं चिंच लावली. अंगाचा रंग तेलाचा होता, तो टिकला. डोळे, भुवया, ओठ पाण्याच्या रंगातले होते. ते चिंचेबरोबर मोरीत गेले. धाकटीला हात लावणार तेवढ्यात सासूबाई आल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या गाडीनं धाराशिवला आल्या. काकूंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, दोन्ही मुखवटे टॉवेलात गुंडाळून माकणीपासून मांडीवर आणले होते. सून शेजारी अंग चोरून बसलेली. मी थोरलीचा टॉवेल बाजूला केला. गुळगुळीत गोरा चेहरा, नाक जागेवर, आणि बाकी काही नाही. धाकटी मात्र मजेत होती, ओठांच्या कोपऱ्यात हसू घेऊन.

मी म्हटलं, काकू, दोघी बहिणीच की, धाकटीवरून थोरली काढू.

"आमची थोरली हसत न्हाय," काकू म्हणाल्या. "धाकटी हसती."

डोळे कसे होते, मी विचारलं. खाली बघणारे, समोर बघणारे, मोठे, बारीक? काकूंनी विचार केला. "आता ते कसं सांगावं, बाई? बघितल्यावर कळंल मला."

बघितल्यावर कळेल म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड, हे मी अनुभवानं सांगते. फोटो आहे का विचारलं तर सुनेनं मोबाइल पुढं केला. दर वर्षीचे फोटो होते, पण सगळे लांबून काढलेले. फुलोरा, लायटिंग, शेवंतीचे हार, फराळाची ताटं, आणि त्या गर्दीत मागं कुठंतरी थोरली. कपाळावर मळवट, नथ एवढी मोठी की नाकापेक्षा मोती जड. चेहरा फ्लॅशमध्ये पांढरा झालेला. नुसता चेहरा कुणी कधी टिपलाच नव्हता, कारण नुसता चेहरा कुणी बघायचाच नसतो. पूर्वी ज्यानं रंगवले तो उमरग्याकडचा रंगारी वारलेला. आणि त्र्याण्णवच्या भूकंपात काकूंचं जुनं घर बसलं तेव्हा ढिगाऱ्यातून हे दोन मुखवटे अख्खे निघाले होते, एवढं सांगून काकूंनी धाकटी परत न्यायला टॉवेलात गुंडाळली. मला आणखी काही विचारायचं धाडस झालं नाही.

काकू हात धुवायला मोरीवर गेल्या तेव्हा सून हळूच म्हणाली, "ताई, त्या वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलतच न्हायत माझ्याशी." गल्लीत आत्ताच लोक म्हणायला लागले होते की नवी सून आली आणि लक्ष्मीचं तोंड पुसलं. थोरली आपल्या चेहऱ्यानं उभी राहिली नाही तर हे वाक्य त्या पोरीला जन्मभर चिकटलं असतं. आमच्याकडे अशी वाक्यं माणूस गेल्यावरसुद्धा त्याच्या नावामागं चालत राहतात.

दोघी गेल्या आणि मी कामाला लागले. चार वेळा डोळे काढले, चार वेळा पुसले. पहिली थोरली तुळजापूरच्या एका घरातल्या लक्ष्मीसारखी झाली, दुसरी गिरणीवाल्याच्या घरातल्या. मग माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं मी चेहरे रंगवले, पण काढला एकही नाही. जुनी रेघ पुसट दिसायची, तिच्यावरून ब्रश फिरवायचा. इथं रेघच नव्हती. मला घाम फुटला, आणि खरं सांगते, त्या घामाखाली थोडी मजाही वाटत होती.

काकूंना फोन लावला. म्हटलं, तुमच्या लेकींना विचारायचंय, थोरली कशी दिसायची. तिघी तीन गावांना दिलेल्या आहेत, प्रत्येकीला फोन करून शब्दांत विचारण्यापेक्षा ब्लॉगवर विचारू का? काकूंनी आधी ब्लॉग म्हणजे काय ते सुनेला विचारलं. माझ्या समाधानाची गोष्ट अशी की त्यासाठी त्यांना सुनेशी बोलावं लागलं. मग त्या फोनवर आल्या.

"डोळ्याबिगरची थोरली लोकांपुढं नगं. कागदावर काढलेलं चालंल."

मग मी तेच केलं. मुखवटा झाकून ठेवला आणि पेन्सिलीनं कागदावर चेहरे काढायला बसले. एक खाली बघणारी, एक समोर, एक रागावलेली, एक कंटाळलेली. सगळे ब्लॉगवर टाकले आणि लिहिलं की माकणीच्या एका घरची थोरली हरवलीये, यातली कुणी तिच्यासारखी दिसते का.

संध्याकाळपर्यंत माझ्या ब्लॉगवर जत्रा भरली. सोलापूरच्या थोरल्या लेकीनं लिहिलं की पहिली, डोळे खालीच होते, पदर सावरल्यासारखे. लातूरच्या मधलीनं लिहिलं की अजिबात नाही, ती समोर बघायची, खोटं बोलून आलं की तिच्याकडं बघवत नसे. पुण्याच्या धाकट्या लेकीचं म्हणणं, तिच्या भुवया आईसारख्या, पुरणपोळ्या कमी पडतील की काय अशा काळजीच्या. त्यावर मधलीनं लिहिलं, तुला काय माहीत, तू तर आरतीला झोपलेली असायचीस. ज्यांचा या घराशी काडीचा संबंध नव्हता अशा बायकांनीही आपापल्या घरची थोरली कशी दिसते ते लिहिलं. एकीनं तर मला रागावून विचारलं की यात हसणारी का नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती. मी रोज नवे चेहरे काढून टाकत होते आणि रोज भांडण वाढत होतं. बाकीच्या गिऱ्हाइकांचे मुखवटे रांगेत खोळंबले होते, पण माझा हात असा काही सुटला होता की मला थांबवत नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. सुनेच्या कॉमेंट लांब होत चालल्या होत्या. पहिल्या दिवशी ती नुसतं "सासूबाई नाही म्हणाल्या" एवढंच लिहायची. मग "सासूबाई म्हणतात, मधली बरोबर आहे पण पूर्ण बरोबर नाही." नंतर कळलं की जेवणं झाली की काकू तिला शेजारी बसवून सगळं वाचून घ्यायच्या. लेकींची भांडणं ऐकून हसायच्या, मग स्वतःचं काही सांगायच्या, आणि सून ते लिहायची. असं करता करता एक दिवस हे आलं. मी ते अजून शब्द न् शब्द सांगू शकते.

"सासूबाई म्हणतात, मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला पुरण वाटता येत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या महालक्ष्मीला सगळ्या बायका पुढं आणि मी मागं उभी होते. थोरलीनं माझ्याकडं बघितलं आणि मला वाटलं, हिला कळलं. पण ती कुणाला सांगणार नाही."

मी मोबाइल खाली ठेवला. सगळ्या जणी भांडत होत्या, पण सगळ्यांचंच खरं होतं. खाली बघणारी, समोर बघणारी, काळजीची, सगळ्या एकाच चेहऱ्याच्या गोष्टी होत्या, आणि तो चेहरा कसा असतो हे मला माहीत होतं. एसटी स्टँडावर मी तो काढला होता. एक म्हातारी शेजारच्या पोरीची फाटकी चप्पल बघून मुद्दाम दुसरीकडं बघत होती, पण तिची भुवई अजून त्या चपलेवरच होती. मी तेव्हा खाली लिहिलं होतं, हिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ब्लॉगवर मागं जाऊन मी ते चित्र शोधलं. तेव्हा कळलं की वर्षभर मी जे आळस टाळायला म्हणून काढत होते, ते या कामासाठीच काढत होते. इतका आनंद मला चित्रकलेचा डिप्लोमा पास झाल्यावरही झाला नव्हता. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि नवऱ्यानं आतून विचारलं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला उजेड आल्यावर, मी दार लोटून घेतलं. थोरलीचा टॉवेल काढला. आधी उजवी भुवई, किंचित वर. मग डावी, जागेवर. डोळे समोर, पण पापणी एक केसभर खाली, बघत असलेलं लपवायला लागते तेवढीच. ओठ मिटलेले, पण आवळलेले नाहीत. हसू कुठंच काढलं नाही. शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका दिला आणि मागं सरकले. ती माझ्याकडं बघत होती. मी त्या सकाळी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला खोटंच सांगितलं होतं की रंग वाळला नाही. मला वाटलं, हिला ते कळलंय. मी तिला नमस्कार केला आणि झाकून ठेवलं. ब्लॉगवर मात्र एकच ओळ टाकली. थोरली झाली, पण बघायची ती घरच्यांनीच.

लक्ष्म्या घरात आणायच्या दिवशी मी स्वतः ती घेऊन माकणीला गेले. खरं तर पार्सल पाठवता आलं असतं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काकू बघून नाही म्हणाल्या तर पुसून परत काढायला वेळच उरला नव्हता. नवऱ्यानं मोटारसायकल हळू चालवली तरी मी सारखी सांगत होते, खड्डा, खड्डा.

घर बायकांनी भरलेलं होतं. तिन्ही लेकी आलेल्या, शेजारणी आलेल्या, आणि माझ्याकडं असं बघत होत्या, जणू मी कोर्टाचा निकाल घेऊन आलेय. उंबऱ्यापासून आत देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढलेली. सून दाराआड उभी होती, नवी साडी नेसून, हात एकमेकांत घट्ट धरून. दारातल्या तुळशीपाशी काकू बसल्या. धाकटी त्यांच्या शेजारी सजून तयार होती. मी थोरली त्यांच्या मांडीवर ठेवली. नथ-कुंकवाआधी दाखवायची नाही हे पथ्य होतं, पण काकूंनीच खूण केली आणि मी टॉवेल काढला.

काकूंनी तिला दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणलं. उजेडाकडं फिरवलं. लेकी एकमेकींच्या खांद्यावरून पुढं वाकल्या. मागून कुणीतरी शेजारीण कुजबुजली की आधीची अशी नव्हती वाटतं. सुनेनं ते ऐकलं. मीही ऐकलं. काकूंनीसुद्धा ऐकलंच असणार.

काकूंनी नथ मागितली आणि स्वतः थोरलीच्या नाकात घातली. कुंकू लावलं. पदरानं तिच्या गालावरचा नसलेला धुरळा पुसला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. मग त्यांनी दाराकडं बघून सुनेला हाक मारली. दर वर्षी थोरलीला त्याच आत नेत असत, घरातल्या मोठ्या बाईचा तो मान. सून भीत भीत पुढं आली. काकूंनी सगळ्या बायकांच्या देखत थोरली तिच्या ओंजळीत दिली.

"तिला तुझ्याच हातानं तोंड धुऊन घ्यायचं होतं, दुसरं काय," त्या म्हणाल्या. "घे. आन तिला आत."

मग काकूंनी धाकटीला उचललं आणि सुनेच्या मागं उभ्या राहिल्या. सोलापूरची लेक आत गेली आणि रीतीप्रमाणे तिनं आतून विचारलं, कोण आली? महालक्ष्मी आली, सुनेनं उत्तर दिलं, पण ते तिचं तिलाच ऐकू गेलं. काकूंनी तिच्या पाठीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, मोठ्यानं बोल, घर तुझंच हाय.